संगणकीय वास्तुचित्रांतील उजेड व त्याचें प्रामाण्य

जुन्या वास्तूंचीं संगणकावर तयार केलेलीं चित्रें इतिहासविषयक व्याख्यानांत, प्रदर्शनांत व ग्रंथांच्या वेष्टनांवर आतां वारंवार दृष्टीस पडूं लागलीं आहेत. पडक्या बुरुजाचें मोजमाप घ्यावें, त्यावरून त्रिमिती आकृति उभी करावी, तिच्यावर दगड, चुना, लांकूड ह्यांचे रंग चढवावे, आणि शेवटीं तिच्यावर उजेड पाडून चित्र काढावें, असा ह्या कामाचा क्रम आहे. ह्या शेवटच्या कृतीस त्या धंद्यांतील लोक रेंडरिंग म्हणतात. आमच्याकडे ह्या चित्रांवर जी टीका होते ती बहुधा मोजमापापुरती असते: तटाची उंची बरोबर आहे काय, जंग्या किती, दरवाजाची कमान कोणत्या घाटाची. उजेडाविषयीं कोणी विचारीत नाहीं. चित्रांतला उजेड म्हणजे चित्रकाराची हौस, तींत खरें-खोटें काय पाहावयाचें, अशी समजूत दिसते. ही समजूत चुकीची आहे व तिच्यापासून पुराव्यास धोका आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

उदाहरणाकरितां ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांतील अंजूर हा गांव घेतों. येथील गंगाजी नाईक व त्यांचे बंधू ह्यांचा साष्टी-वसईच्या मोहिमेशीं असलेला संबंध वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १७३७ सालीं ठाणें व साष्टी पेशव्यांकडे आलीं, १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, आणि नाइकांनीं ह्या कामीं काय खटपट केली तिचा विस्तार साष्टीच्या बखरींत आहे. ह्या मोहिमेवर उद्यां कोणी संगणकीय चित्रमाला केली, तर तींत वसईचा तट येईल, नाइकांच्या वाड्यासारखी उत्तर कोंकणांतील वास्तु येईल, आणि शिलालेख किंवा शिक्के येतील. तिन्हींस उजेड निरनिराळ्या रीतीनें द्यावा लागतो, व तिन्हींत निरनिराळी फसगत होते.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला तेव्हांपासून अस्सल पत्र व बखर ह्यांतील भेद आमच्या अंगीं मुरलेला आहे. बखर टाकाऊ नव्हे. पण तिच्यांतील प्रत्येक वाक्यास आपण जामीन मागतों. संगणकीय चित्र हें, कितीहि मोजून काढलें तरी, बखरीच्याच जातीचें आहे. कारण त्यांत माहीत असलेलें व पदरचें भरलेलें एकाच हातानें व एकाच शाईनें लिहिलेलें असतें. फरक इतकाच कीं, बखर वाचतांना वाचक सावध असतो आणि हें चित्र पाहतांना नसतो. तें छायाचित्रासारखें दिसतें. कशानें दिसतें? रेघांनीं नव्हे, रंगांनींहि नव्हे. सांवली जेथें पडावयास पाहिजे तेथें पडली म्हणून. म्हणजे ज्या अंगाची तपासणी कोणी करीत नाहीं त्याच अंगावर चित्राची सर्व पत उभी आहे.

संगणकाला उजेड दिसत नाहीं. त्याला उजेडाचा हिशेब सांगावा लागतो. ह्या हिशेबाचें मूळ जुनें आहे. पृष्ठभागावर किरण जितके तिरपे येतील तितका तो मंद उजळेल, हा कोज्येचा नियम योहान लांबेर्ट ह्यानें ‘फोटोमेट्रिया’ ग्रंथांत १७६० सालीं, म्हणजे पानिपतच्या आदल्याच वर्षीं, मांडला. चकाकी नसलेल्या भिंतीसाठीं संगणक आजहि तोच नियम वापरतो. अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत आंरी गूरो (१९७१) व बुइ तुओंग फाँग (१९७५) ह्यांनीं वळणदार पृष्ठभाग सलग कसा दाखवावा व चकाकी कशी आणावी ह्याच्या युक्त्या बसविल्या. ह्या रीतींत प्रत्येक पृष्ठभागाचा दिव्याशीं परभारें व्यवहार असतो. भिंतीपुढें झाड उभें असलें तरी भिंतीस त्याची खबर नसते. टर्नर व्हिटेड ह्यानें १९८० सालीं डोळ्यापासून उलट दिशेनें किरणाचा माग काढण्याची रीत, म्हणजे रे ट्रेसिंग, पुढें नेली, तेव्हां पाणी, कांच व रेखीव सांवल्या साधल्या. भिंतीवरून भिंतीवर जाणारा मंद उजेड मात्र हिशेबाबाहेर राहिला. तो धरणारी रेडिओसिटी नांवाची रीत कॉर्नेल विद्यापीठांत १९८४ सालीं निघाली, आणि जेम्स काजिया ह्यानें १९८६ सालीं ह्या सर्व व्यवहाराचें एकच समीकरण लिहिलें. आज ज्यास पाथ ट्रेसिंग म्हणतात तें ह्याच समीकरणाची असंख्य किरण सोडून केलेली उकल होय. इतका इतिहास आमच्या कामास पुरे.

ह्यांतील पहिल्या रीतींची एक खोड अजून गेलेली नाहीं. जेथें दिव्याचा किरण पोंचत नाहीं तेथें त्या रीतींनीं काळाकुट्ट अंधार येतो. तो झांकण्याकरितां सर्व चित्रावर एकसारखा मंद उजेड पसरण्याची सोय ठेवलेली असते; तिला अँबियंट लाइट म्हणतात. हा उजेड कोठून येत नाहीं व कोठें जात नाहीं. त्याला दिशा नाहीं, त्याची सांवली नाहीं, तो अंगणांत जितका तितकाच माजघराच्या कोपऱ्यांत. पत्रांचा धागा तुटला तेथें बखरकार जीं दोन वाक्यें पदरचीं घालतो त्यांच्यासारखा हा उजेड आहे. आणि त्या वाक्यांप्रमाणेंच तो सोयीचा असल्यामुळें कोणी त्याला हटकीत नाहीं.

कोंकणी वाड्याच्या चित्रांत ह्या सोयीनें सर्वांत मोठें नुकसान होतें. उतरतें छप्पर, पुष्कळ पुढें आलेली वळचण, तिच्या आंत ओटी, ओटीच्या मागें माजघर अशी रचना असली म्हणजे ओटीवर सूर्याचा सरळ किरण दिवसांतून थोडाच वेळ येतो. एरव्हीं तेथें जो उजेड असतो तो अंगणावर आपटून आंत आलेला. तो खालून वर चढतो. त्यामुळें ओटीच्या तुळया खालच्या अंगानें उजळतात, बसलेल्या माणसाची हनुवटी कपाळापेक्षां उजळ दिसते, आणि जसजसें आंत जावें तसतसा उजेड झपाट्यानें विरतो. अंगण शेणानें सारवलेलें असेल तर हा उजेड मंद व तपकिरी, फरसबंदी असेल तर अधिक व थंड. चुन्याच्या भिंती त्याला पुढें ढकलतात, तेल पाजलेलें सागवान त्याला गिळतें. म्हणजे अंगण कशाचें होतें हा प्रश्न माजघराच्या उजेडाचा प्रश्न आहे. अँबियंट लाइट घातला कीं हा प्रश्नच मिटतो. कारकुनाची बैठक दाराजवळ कां, दप्तर कोठें सोडीत असतील, देवघरांत दिवसाहि समई कां लागे, हें जें चित्रावरून ताडून पाहतां आलें असतें, तें त्या एका आंकड्यानें पुसलें जातें. पोथी लिहिणारा चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत असे. येथें न वाचलेल्या अक्षरावर लावतात.

जातां जातां छपराविषयीं एक गोष्ट. अठराव्या शतकांतील वाड्यावर मंगळुरी कौलें घालण्याचा मोह चित्रकारास होण्यासारखा आहे, कारण आज डोळ्यांपुढें तींच असतात. बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला तो १८६५ सालीं. त्यापूर्वीचीं हातचीं नळीचीं कौलें लहानमोठीं व वेडींवांकडीं. त्यांची सांवली खवल्याखवल्यांची पडते, मंगळुरी छपराची सरळ रांगांची. काळ चुकला कीं उजेडहि चुकतो.

आतां सूर्य. बहुतेक आरेखन-प्रणालींत सूर्याचें स्थान आपोआप काढण्याची सोय आहे. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ व उत्तर दिशा इतक्या गोष्टी दिल्या कीं झालें. पण त्या न दिल्यास प्रणाली अडून बसत नाहीं. ती आपल्या घरच्या घालते. ऑटोकॅडच्या मूळ नेमणुकींत पुष्कळ वर्षें सान फ्रान्सिस्को हें ठिकाण भरलेलें असे. स्केचअपमध्यें कोलोराडोंतील बोल्डर, कारण ती प्रणाली त्या गांवीं जन्मली. बोल्डर ४० उत्तर अक्षांशावर आहे, अंजूर सुमारें सव्वाएकोणिसावर. ह्याचा परिणाम हिशेबानें पाहावा. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीं अंजुरास सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंश उंच असतो व दहा हात काठीची सांवली सुमारें सव्वानऊ हात पडते. बोल्डरास तो साडेसव्वीस अंशांवर असतो व त्याच काठीची सांवली वीस हात. वाडा अंजूरचा आणि सांवली कोलोराडोची असें चित्र निघतें, आणि तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, कारण लांब सांवली डोळ्यांस गोड लागते.

उन्हाळ्यांतील घोटाळा निराळ्या जातीचा आहे. कर्कवृत्ताच्या उत्तरेस मध्यान्हींचा सूर्य उत्तरेकडे कधींच नसतो. अंजुरास मात्र मेच्या मध्यास तो डोक्यावर येतो, तेथून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीं किंचित् उत्तरेच्या अंगास राहतो, व मग पुन्हां दक्षिणेस वळतो. ह्या दोन-सवादोन महिन्यांत वळचण नसलेल्या उत्तराभिमुख तटावर दुपारचें निसटतें ऊन उतरतें. दगडाचा प्रत्येक टवका व प्रत्येक सांधा त्या उन्हांत उठून दिसतो. बोल्डरच्या सूर्यानें ही भिंत त्या वेळीं अंधारांतच राहील.

वसईच्या तहाचाच दिवस घ्या. पोर्तुगीजांनीं शरणागतीचीं कलमें मान्य केलीं ती तारीख १६ मे १७३९. वसईचा अक्षांश सुमारें १९ अंश २० कला. त्या दिवशीं मध्यान्हीं सूर्य जवळजवळ तंतोतंत डोक्यावर होता. तीस फूट उंचीचा उभा तट धरला तरी त्याची सांवली पायथ्याशीं एक-दोन इंचच. तटाच्या दोन्ही बाजू सारख्याच निस्तेज, बुरुजाची गोलाई सपाट झालेली, जमीन मात्र रखरखीत व कमानीखालीं काळोख: त्या क्षणाचें खरें चित्र असें कुरूप निघेल, आणि सोनेरी संध्याकाळचें चित्र पाहावयास सवकलेल्या माणसास तें आवडणार नाहीं. शिवाय ही तारीख नव्या गणनेची आहे हें विसरतां नये. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी गणना चालवीत व ती त्या शतकांत ११ दिवस मागें होती. त्यांच्या गणनेनें तोच दिवस ५ मे होतो. मुंबईच्या एखाद्या कागदावरून तो आंकडा उचलून तसाच प्रणालींत भरला, तर सूर्य खस्वस्तिकापासून तीन अंश दक्षिणेस सरकतो आणि त्याच तटाच्या उत्तर पायथ्यास दीड फुटाहून अधिक सांवली येते. शक व तिथि ह्यांचें रूपांतर करतांना जी काळजी आपण घेतों ती येथेंहि घ्यावी लागेल.

वेळेचेंहि तसेंच. भारतीय प्रमाणवेळ ८२½ रेखांशाची आहे, अंजूर ७३ च्या जवळ. घड्याळांत बारा वाजतात तेव्हां अंजूरची मध्यान्ह सरासरीनें ३८ मिनिटें, म्हणजे दीड घटिकेहून थोडी अधिक, दूर असते. जुन्या कागदांत वेळ घटिकांनीं व सूर्योदयापासून मोजलेली असते. तिचा प्रमाणवेळेशीं मेळ न घालतां आंकडे भरणाऱ्यानें पहांटेच्या हल्ल्याचें चित्र काढूं नये हें बरें.

सूर्याखेरीज आकाश स्वतः उजेड देतें. सभोंवतालच्या आकाशाचें संपूर्ण छायाचित्र घेऊन त्यानेंच आकृति उजळण्याची रीत पॉल डेबेवेक ह्यानें १९९८ सालीं मांडली, व ती उत्तम आहे. ज्या ठिकाणीं वस्तु उभी आहे तेथलेंच आकाश असेल तर. पण तयार आकाशांचे संग्रह आतां फुकट मिळतात, आणि जें आकाश देखणें तें उचललें जातें. भिवंडीच्या परिसरांत तर उलट अडचण आहे. तेथें गोदामांची वस्ती इतकी दाट झाली आहे कीं, आज घेतलेल्या छायाचित्रांतलें क्षितिज गंगाजी नाइकांच्या वेळचें म्हणतां यावयाचें नाहीं. अशा ठिकाणीं गणितानें काढलेलें आकाशच पत्करावें. संपूर्ण ढगाळ आकाशाचें गणित मून व स्पेन्सर ह्यांनीं १९४२ सालींच दिलें आहे: माथ्यावरचें आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या तिप्पट उजळ. कोंकणांत वर्षाचे चार महिने पावसाचे. तेव्हां सांवल्या नसतात, सपाट जागा उजळ व भिंती निस्तेज असतात. असें चित्र क्वचितच कोणी काढतो. जणूं साष्टीस पाऊस पडतच नव्हता.

रात्रीच्या चित्रांविषयीं आमची तक्रार अधिक कडक आहे. दिव्यापासूनचें अंतर तिप्पट झालें कीं उजेड नवव्या हिश्शावर येतो. परंतु प्रत्यक्ष प्रकाशमापनाचीं एककें निवडलीं नाहींत तर ऑटोकॅडमधील साध्या दिव्याचा उजेड अंतरानुसार घटत नाहीं; तशी नेमणूक मुद्दाम करावी लागते. ती केली नाहीं म्हणजे देवघरांतली एक समई दिवाणखान्याची दूरची भिंत जवळच्या भिंतीइतकीच उजळते. एका मेणबत्तीएवढ्या ज्योतीपासून एक मीटरवर सुमारें एक लक्स उजेड पडतो. भर उन्हांत सुमारें एक लाख. इतक्या तफावतीच्या दोन जगांत एकच डोळा वावरत असे, हें ज्या चित्रावरून कळत नाहीं त्यानें रात्रीविषयीं कांहीं सांगितलें नाहीं.

ह्या बाबतींत अनुकरणीय काम इटलींतील पाँपेई येथील भित्तिचित्रांवर झालेलें आहे. केट डेव्हलिन व ॲलन चाल्मर्स ह्यांनीं जुन्या पद्धतीचे दिवे व त्यांचें जळण पुन्हां तयार करून त्या ज्योतींचा वर्णपट उपकरणानें मोजला, आणि मोजलेला उजेड रेडियन्स नांवाच्या प्रणालींत घालून भित्तिचित्रांवर पाडला; हा निबंध २००१ सालीं प्रसिद्ध झाला. तेलाच्या ज्योतीचें वर्णतापमान सुमारें १,८०० ते २,००० केल्विन, दिवसाच्या उजेडाचें ५,५०० ते ६,५००. ज्योतीच्या उजेडांत निळा काळवंडतो, तांबडा व पिवळा उठतो. रंगाऱ्यानें कोणता रंग कोणत्या भिंतीवर कां ठेवला ह्याचा विचार त्यामुळें बदलतो. आमच्याकडे तिळाचें, करडईचें, खोबरेल व कोंकणांत उंडीचें, अशीं तेलें दिव्यास वापरीत. तीं आजहि मिळतात, समया घरोघरीं आहेत, व वर्णपट मोजण्याचें उपकरण कोणत्याहि चांगल्या पदार्थविज्ञानशाळेंत असतें. पाँपेईच्या दिव्यांसाठीं जें झालें तें अंजूरच्या समईसाठीं होण्यास पैशाची अडचण नाहीं.

आतां ज्या विषयांत आमच्या संग्राहक वाचकांचा स्वार्थ आहे त्याकडे वळूं. शिलालेखाची किंवा शिक्क्याची त्रिमिती आकृति तयार करून तिच्यावर संगणकांत आडवा उजेड पाडला कीं झिजलेलीं अक्षरें वाचतां येतात. खरा दगड हलवितां येत नाहीं व सूर्य आपल्या सोयीनें येत नाहीं. येथें दिवा हातांत असतो. एकाच जागेवरून, दिवा निरनिराळ्या बाजूंस ठेवून पुष्कळ छायाचित्रें घ्यावीं व मग हवा तो उजेड संगणकांत निवडावा, अशी रीत टॉम माल्झबेंडर व त्याचे सहकारी ह्यांनीं २००१ सालीं दिली. ग्रीसमधील अँटिकिथेरा येथें समुद्रांत सांपडलेल्या कांशाच्या यंत्रावरील अक्षरें वाचण्यास २००५ सालीं तिचा उपयोग झाला. ह्या साधनाविषयीं आमचा आदर आहे, आणि म्हणूनच त्याच्या एका खोडीकडे लक्ष वेधतों.

कोरलेली रेघ तिच्या आडव्या बाजूनें उजेड आला म्हणजे दिसते. उजेड रेघेच्याच दिशेनें आला तर ती बुजते. देवनागरींत शिरोरेघ आडवी व काना उभा. दिवा डावीकडे ठेवला तर काने उठतात व शिरोरेघ पुसट होते; वर ठेवला तर शिरोरेघ उठते व काने बुजतात. ‘राम’ व ‘रम’ ह्यांतील भेद मग दगडावर नसून दिव्यावर ठरतो. वसईच्या किल्ल्यांतील चर्चांच्या फरशीवर पोर्तुगीजांचे थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरील रोमन लिपींत इ, एफ व एल ह्या अक्षरांची उभी रेघ एकच, भेद आडव्या रेघांचा, आणि त्याच डावीकडच्या उजेडांत जातात. पायांखालीं झिजलेल्या दगडावर हा धोका दुप्पट. दुसरें असें कीं, उजेड वरून येतो असें डोळा गृहीत धरतो. चित्रांत दिवा खालून ठेवला तर कोरलेलें अक्षर उठावाचें व उठावाचें कोरलेलें भासतें. शिक्का आणि शिक्क्याचा ठसा ह्यांची चित्रें शेजारीं शेजारीं छापतांना हा घोटाळा हटकून होतो. म्हणून एका उजेडांतल्या चित्रावरून केलेलें वाचन आम्ही एका साक्षीदाराच्या जबानीइतकें मानूं. निदान दोन काटकोनी दिशांच्या उजेडांत, व शक्य तर आठ दिशांच्या, अक्षर तेंच राहिलें पाहिजे. आणि जें अक्षर एकाच उजेडांत दिसलें तें छापतांना शंकाचिन्हासह छापावें.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, पाथ ट्रेसिंगनें आतां सर्व हिशेब पदार्थविज्ञानाच्या नियमांनींच होतो, तेव्हां ही चिंता जुन्या रीतींपुरती. हें खरें नाहीं. हिशेब बरोबर झाला म्हणजे रकमा खऱ्या होत्या असें होत नाहीं. खोट्या खतावणीचीहि बेरीज जुळते. भिंतीचा चुना किती पांढरा, अंगण कशाचें, दिवे किती, आकाश कोणत्या महिन्याचें, ह्या रकमा माणूस भरतो. उलट नवी रीत अधिक घातक, कारण तिचें खोटें अधिक खरें दिसतें. जुन्या फाँग पद्धतीच्या चित्रावर कोणी विश्वास ठेवीत नसे.

दुसरा आक्षेप चित्रकारांचा: इतकीं बंधनें घातलीं तर चित्र पाहावयास कोण येईल? ह्यांत तथ्य आहे. वस्तुसंग्रहालयांत आलेल्या मुलास सोनेरी संध्याकाळची वसई दाखविली तर आमची हरकत नाहीं. बखरीनें जें काम पिढ्यान्‌पिढ्या केलें तेंच तें चित्र करील. हरकत आहे ती त्याच चित्राच्या संशोधनपत्रिकेंत येण्यास, आणि खालीं नुसतें ‘वसईचा किल्ला, पुनर्रचना’ एवढेंच लिहिण्यास. नुसता आकार दाखवावयाचा असेल तर पांढऱ्या आकृतीवर अँबियंट ऑक्लूजनची सौम्य छटा पुरे. तींत खांचा-खळगे समजतात व ती कोणत्याहि दिवसाचें सोंग घेत नाहीं. असल्या साध्या चित्रांस आमच्याकडे उगाच कमी लेखतात.

परदेशांत ह्याचा विचार झालेला आहे. २००६ सालीं लंडन सनद म्हणून एक लेख तयार झाला व २००९ सालीं तो सुधारला. संगणकीय पुनर्रचना करतांना कोणता आधार घेतला, कोठें तर्क केला व पर्यायांतून निवड कां केली हें नोंदून ठेवावें असा त्याचा आग्रह आहे. आम्हांस ह्यासाठीं परक्या सनदेची गरज नव्हती. आमच्या पोथ्यांस पुष्पिका असते. लेखक आपलें नांव, शक, तिथि व स्थळ सांगतो, कोणत्या प्रतीवरून लिहिलें तेंहि पुष्कळदां सांगतो, आणि मूळांत होतें तसें उतरलें अशी ग्वाही देऊन दोषाची क्षमा मागतो. संगणकीय चित्रास अशीच पुष्पिका असावी व तींत उजेडाचा स्वतंत्र परिच्छेद असावा. नाइकांच्या वाड्यासारख्या वास्तूच्या ओटीच्या चित्राखालीं ती अशी असेल: स्थळ अंजूर, अक्षांश-रेखांश अमुक; उत्तर दिशा होकायंत्रानें न घेतां सूर्यावरून निश्चित केलेली; काळ मार्गशीर्षांतील, स्थानिक मध्यान्हीनंतर चार घटिका; आकाश निरभ्र, गणितानें काढलेलें; अंगण सारवलेलें धरलें, त्यास लेखी आधार नाहीं; भिंतींचा चुना जुन्या गिलाव्याच्या तुकड्यावरून मोजलेला; कौलें नळीचीं, तर्कानें; अँबियंट लाइट शून्य; चित्र तयार झाल्यावर ओटीचा भाग हातानें उजळ केलेला, मूळच्या दीडपट. शेवटचें कलम सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच लपविण्याकडे कल असतो.

अशा पुष्पिकेसह चित्र आलें तर संशोधन संस्थांनीं तें स्वीकारावें, पण एकटें स्वीकारूं नये. मूळ आकृति, ज्या उघड्या फाइल-पद्धतीनें पुढें कोणासहि ती वाचतां येईल त्या पद्धतीनें, दप्तरांत ठेवून घ्यावी. आणि तिच्याबरोबर सकाळ, मध्यान्ह व ढगाळ दिवस ह्या तीन उजेडांतलीं साधीं चित्रें व मोजमापाचे नकाशे चांगल्या कागदावर छापून घ्यावे. फाइली पंचवीस वर्षांत वाचेनाशा होतात. हातकागदावरचीं पत्रें तीनशें वर्षें टिकलेलीं आपण रोज हाताळतों.